डॅडच्या खुर्चीवरची बोली

मंगळवार, १० जानेवारी

शेवटी लोढणं माझ्याच गळ्यात पडलं. चर्चच्या शाळेच्या लिलावाची यंदाची प्रमुख मी. मागच्या वर्षीची प्रमुख नवऱ्याच्या बदलीचं निमित्त करून ॲरिझोनाला पळाली. पालकांच्या सभेत सगळ्याजणी आपापल्या बुटांकडे बघत बसल्या होत्या. वर बघितलं ते मी एकटीनं. चूक तिथेच झाली.

शाळा उबदार ठेवणारा बॉयलर मेलाय, नवा लिलावाच्या पैशांतून घ्यायचाय. मिनेसोटातला जानेवारी आणि आमची टेसा पाचवीच्या वर्गात कोट घालून गणितं सोडवते. तारीख ठरलेलीच असते, राखेच्या बुधवारी उपासकाळ लागतो, त्याच्या आधीचा शनिवार. उपासकाळ लागायच्या आत लोकांना पोटभर पिता येतं, आणि प्यायल्यावर हात सैल सुटतो. फादर हे उघड बोलत नाहीत, पण तारीख तेच ठरवतात.

दिवसभर धान्याच्या गोदामात हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी गावभर दारोदार फिरून वस्तू मागायच्या. भीक मागणाऱ्याला निदान जेवणाची सुट्टी तरी असते.

सोमवार, १६ जानेवारी

आज व्हर्नाशी खटका उडाला. व्हर्ना शाळेच्या कचेरीत असते. मी पहिलीत होते तेव्हाही तीच होती. लिलावाचे कागद आजवर तीच सांभाळत आली. टेबलावर वस्तू, वस्तूपुढे कागद, कागदावर आपलं नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्यानं त्याहून मोठा लिहायचा. ओरडणं नाही, हातोडा नाही. घंटा झाली की शेवटचं नाव ज्याचं, त्याची वस्तू.

मी म्हटलं, यंदा कागद बंद. सगळं मोबाइलवर. नावं नाहीत, प्रत्येकाला एक नंबर. गेल्या वर्षी शाळेच्या दाराशी वर्षभर गाडी लावायच्या जागेसाठी दोघीजणी एकाच पेनाला धरून ओढत होत्या, ते मी विसरले नाहीये.

व्हर्ना म्हणाली, "पोरी, नाव दिसतं म्हणून माणसं नीट वागतात. बोलीवर आजीबाईचं नाव दिसलं की बाकीचे मागे सरतात. नंबरला कोण मागे सरणार?"

आणि दुसरं म्हणजे कोऱ्या कागदाचं काय, असं तिनं विचारलं. तिचा एक नियम आहे. कुणाचाही कागद कोरा राहू द्यायचा नाही, कारण वस्तू देणारा त्याच हॉलमध्ये उभा असतो. तास उलटून गेला तरी कागद कोरा असला की व्हर्ना जाऊन स्वतःचं नाव टाकते. पुढे कुणीतरी दयाळू येऊन तिला सोडवतं, नाही आलं तर ती वस्तू घरी नेते. तिच्या बैठकीत लोकरीची अकरा घुबडं आहेत.

मी ऐकलं नाही. मला लिलावाच्या रात्री बारापर्यंत उभं राहून लोकांची अक्षरं लावायची नव्हती, एवढंच खरं.

रविवार, २२ जानेवारी

चर्चमधली मिस्सा झाल्यावर डॅडकडे गेले. डॅड दर वर्षी लिलावाला ओकच्या लाकडाची एक वस्तू देतो. चाळीस वर्षं त्यानं गावाची कपाटं केली, चर्चचे बाक केले, माझ्या लग्नाचा पलंग केला. 'ऑथमारनं केलंय' म्हटलं की पुढे कुणी बघत नसे.

यंदा झुलती खुर्ची. मी बसले. दोनदा झुलले, आणि खुर्ची डावीकडे सरकली. आणखी झुलले, आणखी सरकली. खालच्या पट्ट्यांपैकी एक दुसरीपेक्षा कमी वाकलीय. पाठीच्या दांड्यांमधलं अंतरही कुठे बोटभर, कुठे दीड बोट.

"काय, कशी आहे?" डॅडनं विचारलं. मी म्हटलं, मऊ आहे. लाकडाच्या खुर्चीला मऊ म्हणणारी बाई मी.

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय की डोळ्यांचा मधला भाग निकामी होत चाललाय आणि विजेची करवत बंद करा. ऑक्टोबरमध्ये त्याच्या अंगठ्याला टाके पडले. डॅड म्हणाला, पातं बोथट होतं म्हणून. मी रोज गोदामात फोन वाजला की आधी देवाचं नाव घेते.

आज भांडणच झालं. शेवटी तो म्हणाला, "बरं. ही खुर्ची लिलावात जाऊ दे. लोकांना नको असेल तर करवत विक, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण हवी असेल, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. ती खुर्ची कुणी घेणार नाही हे मला दिसत होतं. लेकीनं बापाचं असं वाईट चिंतावं का, ते देव जाणे, पण मला त्याची दहाही बोटं हवीत.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

वस्तू एकशे चाळीस. अर्धं डुक्कर, कापून आणि बांधून. तळ्याकाठच्या घरात दोन रात्री. फादरच्या हातचं जेवण (गेल्या वर्षी ज्यांनी खाल्लं ते यंदा बोली लावणार नाहीत). दाताच्या डॉक्टरकडून दात पांढरे करून मिळणार. आणि लोकरीची घुबडं, अर्थातच.

डॅरिलला रात्री मोबाइलवरची बोली समजावून सांगितली. माझा नवरा लिलावात कधी बोट वर करत नाही, पण आज फार बारकाईनं विचारत होता. मर्यादा म्हणजे काय? मी म्हटलं, तुला जास्तीत जास्त किती द्यायचेत ते एकदाच सांगून ठेवायचं. कुणी पुढे गेलं की फोन आपोआप थोडंथोडं वाढवत राहतो, मर्यादेपर्यंत. कुणीच नाही आलं तर पहिल्या बोलीतच वस्तू तुझी. "म्हणजे मर्यादा मोठी ठेवली तरी खरं तर थोडक्यात मिळते?" त्यानं विचारलं. हो, म्हटलं, समोर दुसरा वेडा नसेल तर.

अर्ध्या डुकरावर डोळा असणार त्याचा. आमच्या फ्रीझरमध्ये जागा नाही हे त्याला सांगून ठेवायला हवं.

रविवार, १९ फेब्रुवारी

पाय सुजलेत. बूट काल घातले ते आज पहाटे काढले असं वाटतंय. झालं एकदाचं. बॉयलर येणार. फादर माझे आभार मानताना माझं नाव चुकले.

पण मला खुर्चीचं लिहायचंय.

डॅड लवकर आला. लग्न आणि मयत दोन्हीला घालतो तो कोट घालून. खुर्चीशेजारी उभा राहिला, एक हात पाठीच्या दांड्यावर. घोड्याशेजारी उभं राहावं तसा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या वस्तूंचे आकडे वर चढत होते. गाडीच्या जागेनं तर पहिल्या अर्ध्या तासातच कहर केला. खुर्चीपुढे लिहिलं होतं, 'अजून बोली नाही.'

लोक येत होते. बसत होते, झुलत होते, खुर्ची केकच्या टेबलाकडे सरकू लागली की उठत होते. त्यानं जिचं स्वयंपाकघर केलं ती बाई म्हणाली, "वेगळीच आहे हं, ऑथमार." आमच्याकडे एखादी वस्तू अगदीच फसली की ती 'वेगळी' असते. डॅडला हे माहीत आहे. तोही तसंच बोलत आलाय जन्मभर.

तास उलटला. मी व्हर्नाला शोधलं. पैशांच्या टेबलामागे बसली होती, आणि माझ्याकडे असं बघत होती की काही बोलायची गरजच नव्हती. तिच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. तिला बोली लावताच येत नव्हती. कागद असते तर एव्हाना तिचं नाव खुर्चीवर पडलं असतं.

खरं तर मला हवं तेच घडत होतं. अजून तासभर गप्प बसले असते तर करवत गेली असती. पण डॅडला पडदा वाचता येत नव्हता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, माझ्या खुर्चीचं काय झालं? आणि प्रत्येकजण म्हणत होता, अजून वेळ आहे. तिसऱ्यांदा ते ऐकलं आणि मी स्वयंपाकघराच्या बोळात जाऊन फोन काढला. आठशे डॉलरची मर्यादा टाकली. म्हटलं, कुणी परक्यानं नेऊन चारचौघांत हसं करण्यापेक्षा पन्नासात आपल्याच गॅरेजमध्ये येऊ दे. आठशेपर्यंत कोण जाणार?

पडद्यावर पन्नास आले. बाहेर कुणीतरी डॅडला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा मी दारातून बघितला आणि परत आत कपबशांकडे वळले. रडायला वेळ नव्हता.

थोड्या वेळानं हॉलमध्ये एकदम हलकल्लोळ झाला. माझा फोन थरथरला: तुमच्यापुढे कुणीतरी गेलं आहे. बाहेर येऊन बघते तर खुर्ची आठशे पंचवीसवर! पन्नासवरून एका झेपेत. लोक टाळ्या वाजवत होते, डॅडच्या पाठीवर थापा मारत होते. तेवढ्यात डॅरिल स्वयंपाकघरात पाणी मागायला आला, कपाळावर घाम. आत उकडतंय म्हणाला. बॉयलर बंद, बाहेर उणे वीस, आणि याला उकडतंय.

घंटा झाली. खुर्ची सत्तावीस नंबरला गेली. व्हर्नाला विचारलं तर म्हणाली, "घेणाऱ्यानं नाव सांगू नको म्हटलंय. नंबरांचा नियम तुझाच." मी यंत्रात बघू शकले असते, पण नियम माझाच होता आणि अंगात त्राण नव्हतं. दाताचा डॉक्टरच असणार. तो आणि त्याची बायको नवे आहेत गावात आणि पैशाला कमी नाही.

म्हणजे मीच आंधळी का? मला वाकडं दिसलं त्यात दुसऱ्याला एवढं काय दिसलं? डॅडला मी घरी सोडलं. उतरताना एवढंच म्हणाला, "कबूल म्हटलं होतंस."

सोमवार, २० फेब्रुवारी

डॅरिलनं गोठलेल्या तळ्यावरचं मासेमारीचं खोपटं विकलं, त्याच्या भावाला, गेराल्डला. हिवाळाभर घरापेक्षा जास्त तो त्या खोपट्यात असतो, आणि विकलं! बर्फाचा आता भरवसा नाही म्हणाला. तळ्यावरून अजून ट्रक जातायत. वय झालं की पुरुष विचित्र वागतात.

बुधवार, २२ फेब्रुवारी

चर्चमधून राखेच्या बुधवारची राख कपाळावर घेऊन डॅडकडे सूप पोचवायला गेले. बाहेरूनच करवतीचा आवाज ऐकू आला. दाताच्या डॉक्टरची बायको शेल्बी हिनं तशीच एक खुर्ची करायला सांगितलीय म्हणे. सरळ घरी येऊन, आगाऊ पैसे देऊन. लिलावातली मिळाली नाही म्हणून. म्हणजे ती तिनं घेतलेली नाही. मग कुणी?

डॅड दहा वर्षांनी तरुण दिसत होता. शिट्टी वाजवत होता. आई गेल्यापासून ती शिट्टी मी ऐकली नव्हती. मी सूप ठेवलं आणि विषय काढला नाही. 

रविवार, ५ मार्च

सापडली.

गेराल्डच्या मुलाचा वाढदिवस होता. घडीच्या खुर्च्या आणायला मी त्याच्या शेडमध्ये गेले. ताडपत्री ओढली तर खाली डॅडची खुर्ची.

डॅरिल मागोमाग आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मला वाटलं पाऊणशेत मिळेल. पन्नासची बोली दिसत होती. म्हटलं, कुणी परक्यानं नेली तर म्हाताऱ्याचं हसं होईल, म्हणून मर्यादा जरा मोठी टाकली. तो दुसरा वेडा कोण होता कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "तो वेडा मी होते."

मी त्या खुर्चीवर बसले. हसू कुठून आलं कळलं नाही, आणि हसता हसता रडू कधी लागलं तेही कळलं नाही. हसण्यानं खुर्ची झुलायला लागली आणि मला घेऊन हळूहळू भिंतीकडे निघाली. डॅरिलनं ती धरून ठेवली. खोपटं विकून त्यानं स्वतःच्याच बायकोशी बोली लढवली होती! एका घरात, एका पलंगावर झोपणारी दोन माणसं आणि एकमेकांना तोंडानं सांगितलं नाही. कागदावर नाव असतं तर त्यानं माझं नाव बघून पेन खाली ठेवलं असतं. व्हर्ना बरोबर होती. हे लिहायलाही जिवावर येतंय.

घरी येताना डॅरिल म्हणाला, "त्याला सांगू नकोस, जोलीन. त्या रात्री त्याचा चेहरा बघितलास ना?"

बघितला, म्हणून तर झोप नाही.

गुरुवार, ९ मार्च

आज सांगितलं.

सांगणार नव्हते. चार दिवस गप्पच होते. पण दुपारी गेले तर कामाच्या खोलीची खिडकी फुटलेली, त्यावर पुठ्ठा लावलेला. करवतीनं लाकडाचा तुकडा मागे फेकला असणार, आणि तो त्याच्या कानाजवळूनच गेला असणार. "वाऱ्यानं फुटली," डॅड म्हणाला. काचा बाहेर बर्फात पडल्या होत्या. वारा आतून कधीपासून वाहायला लागला?

मी करवतीसमोर उभी राहिले आणि सगळं ओकून टाकलं. पन्नासची बोली माझी, त्यापुढची डॅरिलची, दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं, खुर्ची गेराल्डच्या शेडमध्ये आहे. तो हातातला भुसा चोळत राहिला.

मग म्हणाला, "तुला तर करवत जायला हवी होती."

"हो."

"मग कशाला लावलीस बोली?"

"कुणीच लावत नव्हतं, डॅड."

त्यानं भुशाचे हात पँटला पुसले. मग त्यानं विचारलं, "तुम्ही दोघं सोडून तिसरं कुणी?"

खोटं बोलता आलं असतं. बोलले असते तर तो उद्याही शिट्टी वाजवत उठला असता. तोंड उघडलं तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं की काय बाहेर पडणार आहे.

"नाही," मी म्हटलं. "तिसरं कुणी नाही."

"लोकांना हवी असेल तर, असं ठरलं होतं," डॅड म्हणाला. "तुम्ही लोक कुठे? तुम्ही तर घरचे."

करवतीच्या बटणात एक छोटी पिवळी चावी असते. ती काढली की करवत सुरू होत नाही. बोटांनी चाचपत त्यानं ती शोधली, ओढून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी शेल्बीच्या खुर्चीचं विचारलं. "माझं मी बघेन," म्हणाला. आवाज अगदी साधा. रागावला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षं मला हेच हवं होतं. चावी आता माझ्या कोटाच्या खिशात आहे. डॅरिल सारखा विचारतोय काही खाल्लंस का.

शुक्रवार, १० मार्च

उपासकाळातले शुक्रवार म्हणजे मांस बंद, म्हणून शाळेत तळलेल्या माशांचं जेवण. लिलावाची प्रमुख झाली म्हणून माशांतून सुटका नाही. मी कोबीच्या कोशिंबिरीवर होते. रांग दारापर्यंत गेली होती. तेलाच्या वासानं डोकं उठलं होतं आणि डॅड येणार नाही याची मला खात्री होती.

आला. तोच कोट घालून, ताट घेऊन रांगेत. लोक अजून त्याचं अभिनंदन करत होते, आठशे पंचवीस, आठशे पंचवीस. त्याच्यापुढेच शेल्बी होती. तिनं मागे वळून विचारलं, "ऑथमार, माझी खुर्ची कुठवर आली?" मी कोशिंबिरीचा डाव हातात घट्ट धरला.

"ती होणार नाही," डॅड म्हणाला. "पैसे उद्या आणून देतो."

तिला वाटलं तो भाव वाढवतोय. हसून म्हणाली, अजून देते की.

"तसं नाही, बाई. मला मधलं दिसत नाही आता. कडेकडेचं तेवढं दिसतं. तू माझ्यासमोर उभी आहेस, पण तुझ्या चेहऱ्याच्या जागी मला राखाडी डाग दिसतोय. अशा माणसाच्या हातची खुर्ची घेऊ नये."

मासे तळणारेसुद्धा थांबले. ज्यांच्या घरात त्याची कपाटं आहेत ती सगळी माणसं त्या रांगेत होती. मला त्याच्या डोळ्यांचे कागद पाठ आहेत, डॉक्टरांनी काढलेलं चित्रही बघितलंय. पण राखाडी डागाचं त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघायचा. दोन वर्षं मी समजत होते, करवतीवरून रागावलाय, म्हणून तोंडाकडे बघत नाही.

रांग सरकली. डॅड माझ्यासमोर आला. ताट पुढे केलं, मान जराशी वळवली, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी नजर लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"दमलेली दिसतेस, जोलीन," तो म्हणाला.